बँक सुटल्यावर

१९८१ सालच्या जून महिन्यातला एक मंगळवार. तारीख मुद्दाम देत नाही. त्या उन्हाळ्यातल्या बऱ्याच दिवसांतून वेचून हा दिवस मी जुळवला आहे; माणसं, जागा, यंत्रं आणि घड्याळाची ओढाताण मात्र खरी आहे. ‘डेपेश मोड’ या बँडचा पहिला अल्बम, ‘स्पीक अँड स्पेल’, अशाच दिवसांच्या उरल्यासुरल्या वेळात तयार झाला. ऑक्टोबरात तो दुकानांत आला आणि समीक्षकांनी त्याला हलकाफुलका ठरवलं, कुणी कौतुकानं, कुणी नाक मुरडून. हा हलकेपणा आयता आला, असं त्या शेऱ्यांतून वाटतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायचं तर त्या पोरांच्या दिवसाबरोबर तासातासानं चालावं लागतं.

सकाळी ७

बॅझिल्डन. लंडनच्या पूर्वेला, एसेक्स परगण्यात, सुमारे चाळीस किलोमीटरवरचं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानीतली गर्दी बाहेर हलवायला सरकारनं नवी शहरं आखली, त्यांतलं हे १९४९ सालचं. घरं बांधली, कारखाने आणले, दुकानांचा चौक उभा केला. रेल्वे स्टेशन मात्र १९७४ मध्ये उघडलं. तेव्हा या बँडमधले चौघे शाळेत होते. चौघांपैकी एकाचाही जन्म इथला नाही. सगळ्यांची घरं बाहेरून येऊन वसलेली. ज्या गावाला जुनं असं काही नसतं, तिथल्या मुलांना गिटारच्या घराणेशाहीचा धाकही नसतो, असं मला नेहमी वाटतं. सिंथेसायझर स्वस्त झाले तेव्हा या मुलांनी ते सहज उचलले, त्यामागे हेही एक कारण असावं.

सकाळच्या गाडीला दोघे आहेत. मार्टिन गोर, वय १९, फेनचर्च स्ट्रीटवरच्या नॅशनल वेस्टमिन्स्टर बँकेत कारकून. अँडी फ्लेचर, तोही १९ चा, सन लाइफ या विमा कंपनीत. बॅझिल्डनची गाडी जिथे संपते ते स्टेशनही फेनचर्च स्ट्रीटच. त्यामुळे मार्टिनचं आयुष्य एकाच रुळावर होतं: घर, गाडी, बँक, गाडी, घर. मधे कुठेतरी स्टुडिओ बसवायचा.

याच महिन्यात त्यांचं दुसरं सिंगल, ‘न्यू लाइफ’, बाजारात आलं आहे. पहिलं, ‘ड्रीमिंग ऑफ मी’, फेब्रुवारीत आलं होतं आणि ब्रिटिश यादीत ५७ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. नव्या, अनोळखी बँडसाठी वाईट नाही; पण नोकरी सोडावी असं काही नाही.

सकाळी ९.३०

इंग्लंडातल्या बँका तेव्हा साडेनऊला उघडत आणि दुपारी साडेतीनला ग्राहकांसाठी बंद होत. मार्टिन आत आहे. याबद्दल अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

सकाळी ११

थेम्सच्या दक्षिणेला, सदर्क भागात, ऑल हॅलोज नावाचं एक व्हिक्टोरियन चर्च होतं. युद्धात त्यावर बॉम्ब पडले, बराचसा भाग कोसळला आणि उरलेल्या भागात पुढे ‘ब्लॅकविंग’ नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ सुरू झाला. चालवणारा एरिक रॅडक्लिफ. ध्वनिमुद्रणातला माणूस, यंत्रं उघडून दुरुस्त करण्यात रमणारा. याच एरिकच्या नावावरून पुढच्या वर्षी एका अल्बमला नाव मिळणार आहे. तो विषय रात्री येईल.

विन्स क्लार्क इथे आलेला आहे. वय २०. त्याला कायमची नोकरी नाही. छोटी-मोठी कामं करून त्यानं पहिला सिंथेसायझर घेतला होता. बँडचा गीतकार, संगीतकार आणि खरं तर चालकही तोच. त्याच्या शेजारी डॅनियल मिलर, वय ३०, ‘म्यूट’ या कंपनीचा मालक आणि या अल्बमचा सहनिर्माता.

म्यूटला कंपनी म्हणताना थोडं थांबायला हवं. १९७८ मध्ये डॅनियलनं ‘द नॉर्मल’ या नावानं एक सिंगल एकट्यानं, घरी, एका स्वस्त कॉर्ग सिंथेसायझरवर केलं आणि स्वतःच छापून विकलं. वेष्टनावर पत्ता होता त्याच्या आईच्या घराचा. लोकांनी तो पत्ता वाचून आपापल्या टेपा पाठवायला सुरुवात केली आणि त्यातून म्यूट उभं राहिलं. मोठ्या कंपन्यांशी करार नाही, वितरण रफ ट्रेडसारख्या स्वतंत्र मंडळींमार्फत. ब्रिटनमध्ये अशा छोट्या कंपन्यांच्या विक्रीची वेगळी यादी १९८० पासून प्रसिद्ध होऊ लागली होती. आज आपण ‘इंडी’ म्हणतो तो प्रकार त्या यादीच्या आसपास घडत होता.

डॅनियलनं या पोरांना आधी एकदा रफ ट्रेडमध्ये पाहिलं होतं आणि लक्षही दिलं नव्हतं. मग १९८० च्या अखेरीस कॅनिंग टाउनमधल्या ब्रिज हाउस नावाच्या पबमध्ये ते त्याच्याच एका कलाकाराच्या, फॅड गॅजेटच्या, आधी वाजवायला उभे राहिले, आणि तो चकित झाला. मोठ्या कंपन्यांनी या बँडला चांगल्या आगाऊ रकमा देऊ केल्या होत्या. त्यांनी डॅनियलशी हात मिळवला. लेखी करार केला नाही. नफा निम्मा-निम्मा. वीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांनी पैसे बाजूला ठेवून एका माणसाच्या कानावर विश्वास टाकला, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. कारण पुढे या बँडचं जे काही झालं, ते त्यांना घाई न करणारा मालक मिळाला म्हणून झालं.

आता यंत्रं. बँडकडे स्वतःची तीन: यामाहा सीएस-५, मूग प्रॉडिजी, कावाई १००एफएस. तिन्ही मोनोफोनिक. आपल्या पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या की तीन सूर एकदम लागतात. या यंत्रांवर कितीही पट्ट्या दाबा, सूर एकच. म्हणजे गिटारवाला ज्या सहजतेनं एक कॉर्ड छेडतो, ती सोय इथे नाही. सुरांचा गुच्छ हवा असेल तर एकेक सूर वेगवेगळा वाजवून टेपवर एकावर एक चढवायचा, नाहीतर कॉर्डचा विचारच सोडायचा आणि एकेरी सुरावटी एकमेकींत अशा गुंफायच्या की त्यांतून भरीव काही ऐकू यावं.

विन्सनं दुसरा रस्ता धरला. ‘स्पीक अँड स्पेल’ ऐकताना कानाला जी मोकळीक जाणवते, ती तिथून येते. एक ओळ खाली, मंद्रात, दौडत असते. दुसरी वर टिचक्या मारते. तिसरी या दोघींच्या मधल्या रिकाम्या मात्रांवर येते. कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. वाद्यवृंदात चाळीस माणसं असतात तेव्हा संगीतकाराला गर्दीत जागा करावी लागते; इथे गर्दीच नाही, त्यामुळे प्रत्येक सूर उघडा पडतो आणि एकही चुकीचा चालत नाही. याला हलकं काम म्हणणाऱ्यानं एकदा तीन एकेरी ओळींत गाणं उभं करून पाहावं.

डॅनियलचं यंत्र वेगळं: एआरपी २६००, आणि सोबत एआरपीचाच सिक्वेन्सर. सिक्वेन्सरवर सोळा पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक सरकपट्टी. पट्टी वर-खाली केली की त्या पायरीचा सूर चढतो-उतरतो. सूर कानानं लावायचा. सोळा सूर लागले की यंत्राला ठेका द्यायचा आणि ते तेच सोळा सूर न थकता फिरवत राहतं. पण ही यंत्रं तापली की सूर सरकतात. सकाळी लावलेला षड्ज दुपारी तिथेच असेल याची खात्री नाही. त्यामुळे अशा स्टुडिओत सकाळचा पहिला तास यंत्रं सुरू करून ती स्थिर होण्याची वाट पाहण्यात जातो, आणि मग दर थोड्या वेळानं पुन्हा सूर लावण्यात.

दुपारी १

मंगळवार निवडला तो या तासासाठी. ब्रिटनमध्ये तेव्हा रेकॉर्डविक्रीची नवी साप्ताहिक यादी मंगळवारी दुपारी बीबीसी रेडिओ वनवर जाहीर होत असे. जेवणाच्या सुट्टीत देशभरच्या कचेऱ्यांत, शाळांत, कारखान्यांत कुणी ना कुणी छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेलं असे. यादी बनायची कशी, तर ठरावीक दुकानदार आठवडाभर कुठली रेकॉर्ड किती खपली ते हातानं वहीत नोंदवत आणि त्या वह्या गोळा होत. विक्रीचा हिशेब यंत्रावर गेला तो १९८३ मध्ये. यंत्रांवर केलेल्या या संगीताचं नशीब दुकानदाराच्या पेनावर अवलंबून होतं.

‘न्यू लाइफ’ वर चढतंय. जूनच्या अखेरीस बँडला ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं बोलावणं येणार आहे. गाडी चालवणारं कुणी नाही, म्हणून ते सिंथेसायझर काखोटीला मारून रेल्वेनं जाणार आहेत. आणि गाणं अखेर ११ व्या क्रमांकावर पोचणार आहे. तेव्हा कुठे मार्टिन आणि अँडी नोकरी सोडतील. आज अजून सोडलेली नाही.

हा उन्हाळा कसला होता तेही इथेच सांगतो, कारण रेडिओवर गाण्यांच्या आधी बातम्या असत. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टनला दंगल झाली होती. जुलैत लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथपासून अनेक शहरं पेटणार होती. बेकारांचा आकडा पंचवीस लाखांच्या वर गेला होता आणि थांबत नव्हता. जुलैत यादीच्या शिखरावर ‘द स्पेशल्स’ यांचं ‘घोस्ट टाउन’ बसणार होतं, बंद पडत चाललेल्या शहरांबद्दलचं गाणं, त्या वर्षाचं सर्वांत नेमकं गाणं. संगीताची साप्ताहिकं या हवेत लिहीत होती. पंकनंतर त्यांना प्रत्येक रेकॉर्डकडून काही भूमिका हवी होती. अशा वेळी बॅझिल्डनची चार पोरं येऊन नाचण्याबद्दल, छायाचित्रांबद्दल, कुणाच्या तरी प्रेमात पडण्याबद्दल गातात, तेव्हा समीक्षक बुचकळ्यात पडला तर मी त्याला दोष देत नाही. एवढंच म्हणेन की मार्टिनच्या बँकेतल्या काउंटरपासून बेकारीच्या रांगा काही दूर नव्हत्या. मंदी या मुलांनाही दिसत होती. संध्याकाळी गाताना त्यांनी दुसरं काही गायचं ठरवलं.

दुपारी ३

ब्लॅकविंगमध्ये ढोल बनतोय. बनतोय हा शब्द शब्दशः घ्यावा. बँडमध्ये ड्रमर नाही. मंचावर ते ठेका टेपवरून वाजवतात. मध्ये एक मोठी चकऱ्यांची टेपमशीन ठेवलेली असते आणि प्रेक्षकांना ती दिसते. स्टुडिओत मात्र डॅनियल तयार ठेके वापरत बसला नाही. एआरपीमधून त्यानं एकेक आघात घडवला.

रीत अशी. खालचा ढोल हवा असेल तर एक साधा गोल सूर घ्यायचा आणि तो वाजता वाजता झपकन खाली पाडायचा. पडण्याच्या वेगावर तो ढोल की टमटम हे ठरतं. स्नेअर हवा असेल तर सूर नको, नुसता खरखराट घ्यायचा, त्यातला काही भाग गाळायचा आणि उरलेल्याला इतकं छोटं आयुष्य द्यायचं की तो उमटताच विरावा. झांजेसाठी तोच खरखराट आणखी वर, आणखी तोकडा. एकेक आवाज मनासारखा व्हायला वेळ लागतो आणि मनासारखा झाला की लगेच टेपवर घ्यावा लागतो. या यंत्रांना स्मृती नाही. बटणं हलली की तो आवाज गेला. कागदावर खुणा करून ठेवल्या तरी उद्या तो तसाच येईल असं नाही. सिंथेसायझर एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडी नावाची सामाईक व्यवस्था १९८३ मध्ये यायची होती. तोपर्यंत टेप आणि सिक्वेन्सर एका ठेक्यात धावावेत म्हणून टेपच्या एका पट्टीवर टिकटिक नोंदवून तिच्यावर यंत्र हाकण्याचा मार्ग होता.

यंत्रच सगळं करतं, हा या संगीतावरचा तेव्हाचा सर्वांत मोठा आक्षेप. पुढच्या वर्षी तर ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या लंडन शाखेत सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव आला. वादकांची भीती खरी होती. चार माणसं वीस जणांचं काम करणार असतील तर उरलेल्या सोळांनी काय खावं, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. समीक्षेत हा आक्षेप वेगळ्या रूपात यायचा: यात माणूस दिसत नाही, घाम दिसत नाही. घाम गाळून झाल्यावर तो पुसून टाकायचा हा तर विन्स आणि डॅनियल यांचा निर्णय होता. ‘फोटोग्राफिक’ हे गाणं ऐकावं. त्याचं एक आधीचं रूप वर्षाच्या सुरुवातीला ‘सम बिझार’ या संकलनात आलं होतं; अल्बमसाठी ते नव्यानं केलं. मागे धावणारी ती ओळ थंड आहे, जवळजवळ निर्दय, आणि तिच्यावर गायक डेव्ह गाहनचा आवाज थोडा घाबरलेला, थोडा धीट. माणूस तिथेच दिसतो, त्या दोन थरांच्या फटीत.

दुपारी ३.३०

बँकेचा दरवाजा ग्राहकांसाठी बंद. आत हिशेब जुळवणं सुरू. मार्टिन अजून आत आहे.

संध्याकाळी ५.३०

कचेऱ्या सुटतात. फेनचर्च स्ट्रीट स्टेशनकडे माणसांचा लोंढा निघतो आणि मार्टिन त्याच्या उलट्या दिशेनं, नदीकडे. पूल ओलांडून सदर्कला पायी जायचं तर अर्धा तास. अँडीही आपल्या कचेरीतून निघतो. जूनमध्ये लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे कामाचा दिवस संपल्यासारखा वाटत नाही, आणि त्यांचा संपलेलाही नसतो.

चौथा, डेव्ह गाहन, वय १९. तो साउथएंडच्या कला महाविद्यालयात दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचं शिक्षण घेत होता. बँडचं फ्रेंच नाव त्यानंच एका फॅशन मासिकावरून सुचवलं. विन्सनं त्याला एका तालमीच्या जागी डेव्हिड बोवीचं गाणं म्हणताना ऐकलं आणि बँडमध्ये घेतलं. त्याआधी विन्स स्वतःच गायचा. आपल्यापेक्षा चांगला आवाज ऐकून गायकाची जागा सोडून देणं सगळ्यांना जमत नाही. विन्सला ते जमलं. पुढे आणखी मोठ्या जागा सोडणंही जमणार आहे.

रात्री ८

आता चौघे एकत्र आहेत आणि गाणं पूर्ण होतंय. दिवसभराच्या नोकरीनंतर जी दोन-चार तासांची पट्टी मिळते, तिच्यात नवीन प्रयोगाला जागा नसते. सकाळी विन्सनं यंत्रावर बसवलेली ओळ ऐकायची, आपली ओळ शिकायची, एकदा-दोनदा वाजवून टेपवर घ्यायची. मार्टिनला हे काम पटकन जमत असे. चौघांत वाद्यावर हात बसलेला तोच.

अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीत अकरा गाणी. नऊ विन्सची, दोन मार्टिनची: ‘टोरा! टोरा! टोरा!’ आणि ‘बिग मफ’. दुसऱ्यात शब्दच नाहीत. शिवाय विन्सचं ‘एनी सेकंड नाउ’ मार्टिननं गायलंय. हा माझ्या आवडीचा तुकडा. ठेका जवळजवळ नाही, आवाजावर आवाज चढत जातात आणि नुकताच बँकेतून आलेला तो मुलगा अशा नाजूक, सावध आवाजात गातो की बाकीचा अल्बम क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहतोय असं वाटावं. डेव्हचा आवाज त्या वेळी अजून घडायचा होता. तो नेटानं, सरळ गातो, सूर धरून ठेवतो, भावनेशी फारसा खेळत नाही. मार्टिनकडे खेळ होता.

अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. ‘व्हॉट्स युअर नेम?’ हे गाणं आज ऐकलं की संपण्याची वाट पाहावी लागते. ‘बॉइज से गो!’ त्याच्याहून बरं, पण त्यातही घोषणेपलीकडे काही नाही. विन्सचे शब्द बहुतेक वेळा सुरावटीच्या गरजेनं आलेले वाटतात. कुठली मात्रा कुठे पडते याची त्याला जितकी काळजी, तितकी अर्थाची नाही. उलट मार्टिनच्या ‘टोरा! टोरा! टोरा!’मध्ये पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची सावली आहे आणि सूरही गडद आहेत. तिथे शब्द काहीतरी लपवतात, आणि पुढच्या दहा वर्षांत हा बँड ज्या खोलीकडे गेला तिचं दार तिथे किलकिलं झालेलं दिसतं.

पण ‘न्यू लाइफ’ घ्या. सुरुवातीलाच तीन ओळी एकामागून एक आत येतात आणि प्रत्येक आल्यावर आधीची बदलल्यासारखी वाटते, खरं तर ती तशीच असते. मधे सगळं थांबतं, फक्त आवाज उरतात, आणि ठेका परत येतो तेव्हा पाय आपोआप हलतात. आणि ‘जस्ट कान्ट गेट इनफ’. सप्टेंबरात ते सिंगल म्हणून आलं आणि ८ व्या क्रमांकावर गेलं. त्याची ती मुख्य सुरावट कुणीही एकदा ऐकून गुणगुणू शकतो; आजही इंग्लंडातल्या फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक ती एकत्र गातात. एका बोटानं वाजवता येणारी ओळ सुचायला किती ओळी टाकून द्याव्या लागतात, हे ज्यानं कधी चाल बांधली आहे त्याला विचारावं.

रात्री ११

शेवटच्या गाड्यांपैकी एक. परत बॅझिल्डन. उद्या पुन्हा सातची गाडी. या डब्यात जाता-येता लोक वाचत ती साप्ताहिकं म्हणजे ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’, ‘मेलडी मेकर’, ‘साउंड्स’, ‘रेकॉर्ड मिरर’. शिवाय शाळकरी मुलींसाठी, पोस्टर असलेलं, ‘स्मॅश हिट्स’ हे पाक्षिक. तेव्हा एखादा अल्बम चांगला की वाईट हे बरंचसं या कागदांवर ठरायचं. ऑक्टोबरात ‘स्पीक अँड स्पेल’ आला तेव्हा काय ठरलं ते इथेच सांगून टाकतो.

नाव एका खेळण्याचं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं, मुलांना यांत्रिक आवाजात स्पेलिंग शिकवणारं, १९७८ सालचं. वेष्टनावर ब्रायन ग्रिफिननं काढलेलं छायाचित्र: प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हंस. आतल्या संगीताशी त्याचा काय संबंध हे बँडलाही उमगलं नाही. पण ब्रिटिश साप्ताहिकांनी स्वागत केलं. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये पॉल मॉर्लीनं लिहिलं. त्या काळातला सर्वांत तिखट आणि सर्वांत हुशार लेखक तोच. त्यानं या संगीताचा उदारपणा आणि खुळेपणा ओळखला आणि दोन्ही गुण म्हणून मांडले. ‘मेलडी मेकर’मध्ये पॉल कोलबर्टनं अल्बम उत्तम असल्याचं सांगितलं; नवे श्रोते जिंकायला आणि जुन्यांना खूश ठेवायला तो करायलाच हवा होता, असा त्याचा सूर. अल्बम १० व्या क्रमांकापर्यंत गेला. मालकाच्या आईच्या घरच्या पत्त्यावर सुरू झालेल्या कंपनीसाठी हे फार मोठं होतं.

अमेरिकेत तो ‘सायर’ कंपनीनं काढला, एक गाणं बदलून. तिथे ‘रोलिंग स्टोन’नं तो लहान मुलांसोबत बसून ऐकायला हरकत नाही असा भुसा म्हणून बाजूला सारला. या शेऱ्यामागे अमेरिकी रॉकचा एक जुना आग्रह दिसतो: खरं संगीत जड असतं, गिटारचं असतं, त्यात कुणीतरी दुखावलेलं असतं. मॉर्लीला हे ओझं नव्हतं, म्हणून त्याला अल्बम ऐकू आला. ज्यानं ऐकण्याआधीच वजन करायला तराजू काढला, त्याला काट्यापलीकडे काही दिसलं नाही.

तुलनाही होतीच. त्याच महिन्यात ‘ह्यूमन लीग’चा ‘डेअर’ आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. नोव्हेंबरात ‘सॉफ्ट सेल’चा पहिला अल्बम आला, त्यात सोहोच्या गल्ल्यांचा काळोख होता. या दोन्हींत नाटक होतं, पात्रं होती, समीक्षकाला धरायला दोरे होते. ‘स्पीक अँड स्पेल’मध्ये धरायला फक्त सूर. वर्षअखेरीच्या चर्चेत तो मागे पडला यात नवल नाही.

खरा अन्याय पुढे झाला, आणि तो चाहत्यांनी केला. १९८६ चा ‘ब्लॅक सेलिब्रेशन’, १९९० चा ‘व्हायोलेटर’ हे अल्बम आले, बँडनं अपराध, श्रद्धा, वासना यांच्याबद्दल गायला सुरुवात केली, मोठी मैदानं भरली. मग मागे वळून पाहणाऱ्यांनी पहिल्या अल्बमला बालपणीचा फोटो करून टाकलं: गोड, पण दिवाणखान्यात लावायचा नाही. यात कालक्रम उलटा वाचला जातो. ‘व्हायोलेटर’मध्ये जी मोकळी जागा आहे, एकेका सुराला स्वतंत्र उभं राहू देण्याची जी हिंमत आहे, ती कुठे शिकली गेली? सदर्कच्या त्या पडक्या चर्चमध्ये, जेव्हा तीन यंत्रांवर मिळून तीनच सूर एका वेळी वाजू शकत होते.

आता एरिकच्या नावाचा विषय. अल्बम आला, दौरा झाला, आणि वर्ष संपता संपता विन्स क्लार्क बँड सोडून गेला. अकरापैकी नऊ गाणी ज्याची, तोच. प्रसिद्धी, मुलाखती, दौरे त्याला नको होते. त्यानं बॅझिल्डनच्याच ॲलिसन मॉयेटला घेऊन ‘याझू’ हा बँड काढला, त्यांचं ‘ओन्ली यू’ १९८२ मध्ये २ ऱ्या क्रमांकावर गेलं आणि ब्लॅकविंगमध्येच केलेल्या त्यांच्या अल्बमचं नाव ‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’. आधीच्या बँडचं संपलं असं साप्ताहिकांतल्या बऱ्याच जणांनी गृहीत धरलं. गणित सरळ होतं: गाणी लिहिणारा गेला, आता उरलं काय?

उरला होता बँकेतला कारकून. जानेवारी १९८२ मध्ये उरलेले तिघे ‘सी यू’ हे मार्टिननं लिहिलेलं गाणं घेऊन आले आणि ते ६ व्या क्रमांकावर गेलं, विन्सनं त्यांच्यासाठी लिहिलेल्या कुठल्याही सिंगलपेक्षा वर. मग त्याच ब्लॅकविंगमध्ये, त्याच डॅनियल मिलरबरोबर, अजूनही लेखी कराराशिवाय, त्यांनी ‘अ ब्रोकन फ्रेम’ केला. सगळी गाणी मार्टिनची. तो ८ व्या क्रमांकावर गेला, पहिल्यापेक्षा दोन पायऱ्या वर. या खेपेला स्टुडिओत यायला कुणाला बँक सुटण्याची वाट पाहावी लागली नाही. मार्टिन सकाळपासूनच यंत्रांपाशी बसू शकत होता.